डावीकडचं लाल टिंब

अब्बा,

आज आपल्या गाडीचे मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलले. 'आपली गाडी' म्हणायची सवय तुमचीच. गाडी कफीलची, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आपण आलो त्या सौदी मालकाची, कागदही त्याच्याच नावाचे, पण पाच लाकडी पेट्यांतून सुट्या भागांत आलेली ती दोन सीटची उघडी गाडी तुम्ही दोन वर्षांच्या शुक्रवारांत उभी केलीत, म्हणून ती आपली. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली. हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचा हा प्रश्नच नाही. तरी अल मलाझच्या गॅरेजमागच्या खोलीत तुमच्याच खाटेवर बसून लिहितोय, कारण आज गाडीखाली जे झालं ते सांगण्यासारखं दुसरं माणूस मला नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणेल, झालं गेलं, आता एकदाचे घरी या. आणि मुलगी इंग्रजीत म्हणेल, सो व्हॉट, पप्पा?

त्या पेट्या आल्या तेव्हा कफील लहान मुलासारखा नाचत होता. सोबत जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. तुम्ही मराठी सातवी, मी दहावीत दोनदा आपटलेला. तुम्ही म्हणालात, "चित्रं हायत ना, मंग झालं." आणि खरंच चित्रांवरूनच गाडी जोडलीत. आठवडाभर लोकांच्या गाड्या, शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की ही. पेट्यांच्या फळ्याही तुम्ही फेकू दिल्या नाहीत. त्यांचे हातभर लांबीचे तुकडे करून भिंतीशी रचून ठेवलेत. मी म्हटलं, सरपण कशाला जमवताय, इथे चूल आहे का? तुम्ही पुढची फळी कापायला घेतलीत.

त्या फळ्या कशासाठी ते पुढे कळलं. शॉकॲब्सॉर्बरच्या टोकाला एक डोळा असतो, त्यात रबराचा बुश, आणि बुशातून बोल्ट जातो. जॅक लावून गाडी उचलली की मागची चाकं खाली लोंबतात. तशा लोंबत्या स्थितीत बोल्ट आवळला, तर रबर तिथेच पकडलं जातं. मग गाडी खाली घेतली की त्याला पीळ बसतो आणि दर खड्ड्याला थोडं थोडं फाटत जातं. म्हणून तुम्ही नट आधी हातानेच फिरवून ठेवायचात, चाकांखाली फळ्या रचायचात, गाडी त्यांवर उतरवायचात, सीटवर कुणाला तरी बसवायचात आणि मग त्या वीतभर फटीतून आत सरकून बोल्ट आवळायचात. "लटकती गाडी म्हंजे निजलेला माणूस," असं म्हणायचात. "निजल्या माणसाचं माप घेऊन सदरा शिवशील, तर तो उठला की शिवण उसवंल." एवढं झालं की बोल्टच्या डोक्यावर नेलपॉलिशचं लाल टिंब. टिंब दिसलं म्हणजे काम पुरं झालं, पुन्हा हात लावायचा नाही.

त्या नेलपॉलिशवरून गॅरेजभर तुमची किती थट्टा व्हायची! बाटली तुम्ही अम्मीसाठी घेतली होतीत, लग्नानंतर पहिल्यांदाच असली काही चैनीची वस्तू. सुट्टीत गावी नेलीत, तर अम्मीने बाटली उन्हात धरून पाहिली आणि म्हणाली, "ही लावून वजू कसा व्हायचा? नखाला पाणी तरी लागंल काय? सौदीत ऱ्हाऊन तुमाला येवढं कळत नाय?" नमाजी बाईला नेलपॉलिश! तुम्ही बाटली परत आणलीत आणि हत्यारांच्या पेटीत टाकलीत. मला वाटतं, प्रत्येक टिंब लावताना तुम्हाला अम्मीचे हात आठवत असतील. हे मी तेव्हा म्हटलं असतं तर पाना फेकून मारला असतात.

आता त्या शुक्रवाराचं सांगतो. गाडी मागून दाबली की तीन-तीनदा वरखाली व्हायची. शॉकॲब्सॉर्बर तेल गाळून रिकामे झाले होते, म्हणून दोन्ही नवे बसवायला घेतले. उजवी बाजू तुम्ही रीतसर पुरी केलीत. मग डावीकडे गाडी उचलली, शॉक बसवला आणि असरची बांग झाली. तुम्ही हात धुतलेत. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी मागाहून पढतो. जाता जाता तुम्ही म्हणालात, "नट हातानंच ठेव. आवळू नको." मी हो म्हटलं. पण त्या दिवशी बथ्याच्या वस्तीत आपल्या गाववाल्यांच्या खोलीवर सुरमईचं कालवण होतं, आणि तिथे उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला डोकी येतात हे सगळ्यांना ठाऊक. उन्हाने फरशी चुलीवरच्या तव्यासारखी झालेली. तिच्यावर पाठ टेकून आत सरकायचा मला कंटाळा आला. चाक हवेत असतानाच मी बोल्ट आवळला. टिंबही लावलं. तुम्ही आलात तोवर गाडी जमिनीवर, फळ्या भिंतीशी आणि मी कपडे बदलून तयार.

तुम्ही वाकून टिंबावर बोट ठेवलंत. बोट लाल झालं.

"खाली घेऊन आवळलास?"

"हो."

"सीटवर वजन?"

"तांदळाची गोणी ठेवली होती."

"बरं," म्हणालात आणि बोट चिंधीला पुसलंत. सुरमईचा मधला तुकडा मिळाला मला, अब्बा. चांगला जाड होता.

पुढच्या काही महिन्यांत सौदीकरणाचं वारं आपल्या गल्लीत शिरलं. कामावर सौदी माणसं किती, त्यावरून गॅरेजांना लाल, पिवळे, हिरवे रंग मिळाले. आपलं पिवळं निघालं. कफीलने आपल्या दोघांना बसवून चहा दिला आणि सांगितलं की आता दोघांपैकी एकाचाच इकामा, इथे राहायचा परवाना, नवा होईल. कोण जाणार हे विचारायची गरज नव्हती. तो नेहमी म्हणायचा, हा म्हातारा मरेपर्यंत माझ्याकडे. मी नवखा, अर्धामुर्धा शिकलेला. माझी नुकतीच सोयरीक ठरली होती आणि सासऱ्यांनी मुलगी दिली होती ती सौदीतल्या नोकरीकडे बघून. मी आठवडाभर धड जेवलो नाही. तुम्हाला ते दिसत होतं.

आणि मग एके दिवशी सकाळी कफील गाडी ढकलत आणावी तशी हळूहळू घेऊन आला. आदल्या दिवशी दोस्तांना मिरवायला नेली होती. मोठ्या रस्त्यावर मागून टक-टक सुरू झालं, वळणावर गाडी घसरली, दुभाजकाला घासता घासता वाचली. दोस्त हसले ते त्याला जास्त लागलं होतं. तुम्ही गाडी उचललीत आणि डावीकडचा बोल्ट काढलात. बुश एका बाजूला पिळून गोल फाटला होता. उजवीकडचा कोरा करकरीत. तुम्ही तो फाटका रबराचा तुकडा तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिलात. तेव्हाच तुम्हाला सगळं कळलं असणार. ज्याने गाडी चित्रं बघून जोडली त्याला फाटलेलं रबर वाचता येत नाही, असं कसं होईल? मी शेजारीच चिंधी घेऊन उभा होतो.

कफीलने विचारलं, हे कुणी बसवलं?

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मीच."

मी चिंधीने हात पुसत राहिलो, हात स्वच्छ असताना. कफील तुमच्याकडे बघत राहिला, रागावलाही नाही, आणि ते रागावण्याहून वाईट होतं. खांद्यावर थोपटून म्हणाला, खलास, हाजी, डोळे थकले तुझे, आता घरी जा, आराम कर. चहाच्या दिवशी ठरलेलं सगळं एका वाक्यात उलटं झालं. इकामा माझा निघाला. तुमच्या पासपोर्टवर फायनल एक्झिट, कायमचं परत.

विमानतळावर तुम्ही हत्यारांची पेटी मला दिलीत. मला वाटलं आता बोलाल, निदान एक शिवी द्याल. मी तयार होतो, खरं तर वाट बघत होतो. तुम्ही रांगेत शिरताना मागे वळलात आणि एवढंच म्हणालात, "टिंब लावायच्या आधी गाडी खाली घेत जा." मग पासपोर्ट काढून पुढे सरकलात. मी तिथेच माफी मागायला हवी होती. माझ्या तोंडून निघालं ते, "पोचल्यावर फोन करा."

गावी जाऊन तुम्ही तीन वर्षं जगलात. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने तुम्हाला दोनदा बोलावणं पाठवलं, नुसतं बसून पोरांना शिकवा म्हणाला. तुम्ही त्याला सांगितलंत, "माजा हात आता खरा ऱ्हायला नाय." हे अम्मीने मला फोनवर सांगितलं, कौतुकाने, की बघ कसे प्रामाणिक आहेत. मी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपलो. तिथे गावात कोण होतं विचारणारं? कफील नव्हता, लेबर ऑफिस नव्हतं. तरीही तुम्ही ते खोटं शेवटपर्यंत पाळलंत, म्हणजे चुकूनही खरं माझ्या सासरच्या कानांवर जाऊ नये. नोकरी तुम्ही मला दिलीत त्याचं मी समजू शकतो, बाप देतो. पण हात कशाला दिलात? त्या हाताचं नाव अख्ख्या गल्लीत होतं.

आता माझी पाळी आलीय. माझा हुद्दाही आता सौदी माणसांसाठी राखीव झाला. पुढच्या आठवड्यात विमान. मोठा कफील केव्हाच गेला, त्याचा मुलगा मालक आहे, माणूस वाईट नाही. काल म्हणाला, जाण्याआधी बापाची गाडी एकदा नीट करून दे, मागून फार उडते. तुमच्या फळ्या अजून भिंतीशी आहेत, वाळूने पांढऱ्या पडलेल्या. मी सगळं तुमच्यासारखं केलं. नट हाताने ठेवले, गाडी फळ्यांवर उतरवली. वजनाला कुणी नव्हतं, तर मालक स्वतःच हसत सीटवर चढून बसला. मी पाठ टेकून आत सरकलो. आता पोट आडवं येतं, अब्बा. डाव्या बोल्टवर पाना चढवला आणि वरून त्याचा आवाज आला, "हाच ना तो बोल्ट, तुझ्या बापाने बिघडवलेला? माझा बाप सांगायचा. म्हणायचा, माणूस सोन्यासारखा, पण शेवटी हात गेला होता."

माझ्या तोंडावर गाडी होती. तो मला बघू शकत नव्हता, मी त्याला बघू शकत नव्हतो. एक्झिट लागलेलं, इकामा जायचा तो गेलेलाच, सोयरीक जुनी होऊन मुलगी सहावीत. घाबरायला काही म्हणजे काहीच उरलं नव्हतं. एवढी सोपी जागा आयुष्यात पुन्हा मिळायची नाही. मी श्वास घेतला, तोंड उघडलं.

बोल्ट मी बरोबर आवळला. गाडी आपल्या पायांवर उभी असताना, वजन असताना, तुम्ही शिकवलंत तसा. नंतर पेटीतली बाटली काढली, तर आतलं लाल कधीच वाळून खडा झालेलं, टिंब काही लागलं नाही. आणि गाडीखालून मी मालकाला जे म्हणालो ते असं, "हो. म्हातारे झाले होते."