बॉनेटवरचा हात

बाबा, तुमची गाडी आता जाणार. वीस वर्षं झाली तिला. पंधराव्या वर्षी पासिंग एकदा वाढवून घेतलं, आता पुन्हा मिळणार नाही. खालून गंजली आहे, मागचं दार आतून उघडत नाही, आणि आईला चढवायला दोघं लागतात. आईचे गुडघे गेलेत. दर पंधरा दिवसांनी तिला कल्याणला दवाखान्यात न्यावं लागतं आणि गावापासून सरळगावापर्यंतचा रस्ता तुमच्या वेळी होता तसाच आहे, म्हणून पुन्हा उंच, मोठीच गाडी हवी. वापरलेलीच, तुम्ही घेतलीत तशी. हे सगळं शांतपणे लिहायचं ठरवून बसले होते. पण मी शांत नाही. चौदा वर्षं मी तुमच्यावर रागावलेली आहे आणि घरात कोणाला ते माहीत नाही, कारण मी फार बोलत नाही, आणि जी बोलत नाही तिला राग येत नाही असं आपल्याकडे धरून चालतात.

ती गाडी बघायला आपण तिघं कल्याणला गेलो होतो, तुम्ही, दादा आणि मी. चामड्याच्या सीटा, मागे वेगळा एसी. तालुक्यात तेव्हा तशा दोन-तीनच असतील. मालक यायच्या आत तुम्ही बॉनेटवर तळहात ठेवलात आणि दादाला म्हणालात, "आदी हात ठेवायचा. गरम लागली तं समज, यानं सकाळीच चालू करून ठेवलीय. थंड इंजिन कसं उचलतंय तेच बघायचं असतं." मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायला लावलात, पुराच्या पाण्यात गेलेल्या गाडीच्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते म्हणून. मी मागे पिशवी धरून उभी होते. तुम्ही दादाला शिकवत होतात. शिकत मी होते, तो फोनवर बोलत होता.

दर दसऱ्याला गाडी मी धुवायची. झेंडू आणि भाताच्या लोंब्यांचं तोरण मी करायची, कुंकवाचं बोट मी लावायची. एकदा पुसता पुसता मी ड्रायव्हरच्या जागी बसले आणि स्टेअरिंगला हात लावला. तुम्ही ओट्यावर चार माणसांत बसला होतात. "उतर गो," म्हणालात, "हिच्या हातात दिली तं भातसाच्या धरणात नेऊन घालंल, मग मुंबईला पाणी डिझेलच्या वासाचं." सगळे हसले. मीही हसले. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, भातसानगरच्या ऑफिसात सहा वर्षं नोकरी केलेली, धरणातून किती पाणी सोडलं त्याचा रोजचा कागद माझ्या सहीने जायचा. आणि घरी मला पूजेपुरता हात लावायची परवानगी होती.

गेल्या महिन्यात दादा मला कल्याणला घेऊन गेला. जुन्या गाड्या विकणाऱ्याचं मोठं आवार आहे. पांढरी गाडी, छताला काच, पुढे टीव्हीएवढा पडदा. दादा बघताक्षणीच विरघळला. विकणारा सगळं दादालाच सांगत होता. "साहेब, एका डॉक्टरची आहे, फक्त दवाखाना ते घर. मॅडम, तुम्ही आत एसीत बसा ना." मी बसले नाही. बॉनेटवर हात ठेवला.

"आज फिरवलीत का?" मी विचारलं.

"नाय मॅडम, चार दिवस जागेवरून हलली नाय."

"मग हिला ताप आलाय का?"

मागे गाड्या पुसणारे दोघं हसले. मी पुढचा सीटबेल्ट ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. विकणाऱ्याने ती चहा सांडल्याची म्हणून सांगितली. मी वळून दादाकडे बघितलं तर तो तिथे नव्हता. मी बॉनेटवर हात ठेवला तेव्हाच तो बाजूला झाला होता आणि भलत्याच गाडीचं टायर बघत उभा होता. येताना तो एवढंच म्हणाला, "तुला पटंल ती घे."

मला पटली ती भातसानगरला मिळाली. आमच्या ऑफिसच्या जीपवरच्या काकांनी, ते आता निवृत्त झालेत, एका साहेबांची गाडी सांगितली. साहेब बदली होऊन चालले होते. याच काकांनी मला गाडी शिकवली. बाबा गेल्यावर शिकली, असं दादा लोकांना सांगतो. मातीच्या रंगाची गाडी, डाव्या दाराला लांब ओरखडा, पण सीट रुंद आणि चढायला पायरी. सकाळी सातला गेलो. बॉनेट गार, दंवाने ओलं. किल्ली फिरवली आणि अर्ध्या श्वासात चालू झाली. "बाय, क्लच विसर आता, हिला क्लच नाय," काका म्हणाले. कॉलनीतून धरणाच्या गेटापर्यंत नेऊन आणली. दुसऱ्या खेपेला आईला घेऊन गेले. ती सवयीने मागचं दार शोधायला लागली. मी तिला पुढे बसवलं. बराच वेळ ती काचेतून बघत राहिली, मग म्हणाली, "हितून रस्ता दिसतंय की गो सगळा." तुमच्या गाडीतून चौदा वर्षं मीच तिला नेते आहे, तरी ती मागेच बसायची. पुढची जागा तुमची म्हणून. ते ऐकून मला तुमचा इतका राग आला की गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली. आईला वाटलं, मला उतरून ओरखडा बघायचाय.

आता तो दिवस. रविवार, दुपारचे तीन. शेजारच्या गावात हळद होती, पाड्यावरच्या दोन्ही जीपा वऱ्हाडाला गेलेल्या. दादा मोटारसायकलने मुरबाडला, फोन लागत नाही. तुम्ही ओट्यावर बसलात आणि छातीला हात लावलात. शर्ट घामाने भिजला. गाडी गोठ्याच्या पत्र्याखाली सावलीत उभी, टाकी भरलेली, किल्ली खिळ्याला. मी किल्ली काढली. तुम्ही म्हणालात, "ठेव ती. दादा येल आता." आई म्हणाली, "जाव दे ना तिला, बघंल कायतरी." तुम्ही म्हणालात, "हिला काय येतंय? कुठंतरी घालंल." दादा पाऊण तासाने आला. सरळगावच्या अलीकडे तुम्ही गेलात, मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर डोकं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर. तेराव्याला सगळे म्हणत होते, बिचारीला गाडी येत असती तर. मी भात वाढत होते.

तुमचा राग मी यासाठीच धरला आहे, की दारात गाडी असून तुम्ही मरण पत्करलंत, मुलीच्या हातात किल्ली दिली नाहीत. हे मी मागे घेत नाही. ही तुमचीच चूक होती आणि तुमच्यासारखी माणसं ती अजून करतात.

हे पत्र जुन्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवून तिच्याबरोबर जाऊ द्यायचं ठरवलं होतं. आता नाही ठेवत, कारण एक गोष्ट लिहायची राहिली आणि ती भंगारवाल्याच्या हाती पडायला नको. बाबा, मला गाडी येत होती. काकांनी तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षीच शिकवली होती, जेवणाच्या सुट्टीत, कॉलनीच्या रिकाम्या रस्त्यावर. लायसन माझ्या ऑफिसच्या कपाटात होतं. त्या दुपारी तुम्ही नको म्हणालात तरी मी गोठ्याकडे गेले आणि गाडी चालू केली. ती एका झटक्यात सुरू झाली. पहिला गिअर टाकला. दहा मिनिटं तशीच बसले, पाय क्लचवर. तुम्ही ओट्यावरून हात हलवलात, बंद कर म्हणून. तेव्हा तुमच्या अंगात आवाज काढायचंही बळ नव्हतं. मी बंद केली आणि किल्ली परत खिळ्याला लावली.

दादा आला, धावत गाडीपुढून वळला आणि त्याचा हात बॉनेटवर पडला. त्याने तो लगेच उचलला आणि माझ्याकडे बघितलं. त्याने अजून मला काही विचारलेलं नाही.