आखाजीचं मशीन

धुळ्याच्या दीपचंदभाऊंना, जळगावहून धाकट्या बहिणीचा नमस्कार.

चटया विणायचं मशीन मी स्वतःच्या पैशाने घेतलं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बिल आमच्या फर्मच्या नावाने काढू. भावाने बहिणीला मशीन दिलं, असं समाजात दिसू दे." तुमचा मान राहावा म्हणून मी हो म्हटलं.

आता मशीनवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे माझ्या पुढच्या करातून तेवढी वजावट, मागितली, तर जीएसटीचे साहेब म्हणाले, "ताई, बिलावर तुमचं नाव कुठंय? क्रेडिट धुळ्याच्या फर्मने केव्हाच घेतलंय."

तुम्हाला फोन केला, तर तुम्ही हसलात. "लाडू, भेटीचाही हिशोब मागतेस?" मागून वहिनीही हसल्या.

क्रेडिट बुडालं तर माझ्या कारखान्यातल्या बायकांचा पगार अडकेल. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. पैसे माझे होते, हे मी साहेबांना सांगणार आहे. मग तुम्हाला दंड बसेल.

हे आधी कळवावं म्हणून लिहायला बसले. पण हे कळताच तुम्ही रडत दारात याल, आणि मी पुन्हा तुमचा मान राखीन. म्हणून हे पत्र टाकणार नाही.

मशीनची मालकीण,
लाडकुंवर