पाळीवरचा कर्नल साहेब

प्रिय गोपी,

माहेरी आले आहे. साकोलीच्या बसमधून उतरून घरात पाय ठेवला नाही तोच आईने तुझी चौकशी सुरू केली, जशी काही मी तुझ्या वरठीहूनच आले! कारखान्यातून मोटरसायकलवर निघालास तर जेवणाच्या आत पोचशील रे. पण तुझी ती शपथ! हट्टीपणात तू अगदी बाबांवर गेलास.

तुझ्या वैऱ्याची, कर्नल साहेबाची, बातमी द्यायची आहे. त्याला आपल्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं. कुठल्याशा लढाईवरून परतताना तो इथे तापाने मेला आणि त्याच्या पलटणीने तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, त्याच्या नावाचा दगडी खांब उभारला, एवढंच आपल्याला ठाऊक. पलटण गेली, पुढे इंग्रजही गेले. मग आपल्या ढिवर बायांनी खांबाला शेंदूर लावला, हंगामात जाळ्यात आलेली पहिली मरळ त्याच्यापुढे ठेवायची रीत पडली. साहेबासाठी बिडीही ठेवत, आठवते ना? ती तूच पळवायचास, लबाडा.

बहात्तर साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा तू पोरं जमवून खांब उखडायला सब्बल घेऊन निघालास. ज्यानं आपल्याले गुलाम केलं त्याले नारळ कायले, असं विचारत होतास. तुझं काही चुकलं नव्हतं. पण बाबा खांबाला पाठ लावून उभे राहिले. तेव्हा सगळ्या गावादेखत तू म्हणालास की हा साहेब उभा आहे तोवर या गावात पाय ठेवणार नाही. आईच्या डोळ्यांचं पाणी तेव्हापासून खळलं नाही.

बाबा आडवे का आले ते तुला कोणी सांगितलं नाही. पोराले का उपकार सांगाचे, म्हणून त्यांनी आम्हाला गप्प बसवलं. आज मी सांगते, मग ते रागावोत. तू नुकता चालायला लागला होतास. भर पावसाळ्यात सांडव्याच्या धारेत वाहून चाललास. बाबांनी जाळ्याचा दोर त्या खांबाला बांधला, दुसरं टोक कमरेला, आणि उडी घेतली. खांब हलला नाही म्हणून तुम्ही दोघं बाहेर आलात. मी काठावर रडत होते. अजून अंगावर काटा येतो.

आता पत्राचं कारण. परवा बाबांनी स्वतः खांबापुढे नारळ फोडला. साहेब, लय दिवस उभे राहिले, आता आराम करा, माह्या पोराले घरी येऊ द्या, असं म्हणाले आणि हात जोडले. मग चार माणसं बोलावून, दोर लावून त्याला हळूच आडवा केला. शेंदूर तसाच आहे, पहिली मरळही तिथेच ठेवू असं आई म्हणते. संध्याकाळी बाबा त्याच्यावरच बसतात, वरठीच्या रस्त्याकडे तोंड करून. साहेब उभा नाही, गोपी. तुझी शपथ सुटली. येशील तेव्हा पाळीवर चढताच हॉर्न वाजव, बाबांना आता दुरून माणूस ओळखू येत नाही.

वाट पाहणारी, तुझीच
जिजाताई