मागं सरत जाणारी माय

माय, "पोरी, तुह्या मायचे पाय उलटे फिरले वो," असं शेजारच्या म्हातारीनं मला शाळेतून येताना आपल्या आंगणाच्या फाटकाशी अडवून सांगितलं होतं. कुणाच्या घरी माणूस गेल्याचं सांगतात तसं, हळू आणि जपून. मी तेव्हा पंचविशीतली, गावच्या शाळेत मास्तरीण. असल्या गोष्टींवर हसायची मला सवय होती. आता मी चाळिशी ओलांडली आहे. ती म्हातारी गेली, तुला जाऊनही बरीच वर्षं झाली. ते वाक्य मात्र अजून फाटकाशी उभं आहे, आणि मला हसू येत नाही.

तुझं दुखणं पायांपासून सुरू झालंच नव्हतं. आधी तुझा चेहरा थांबला. बाबा गेल्यावर घरात आपण दोघीच, त्यामुळे ते फक्त मला दिसलं. तू बघत असायचीस आणि पापणी लवत नसे. गालावर माशी बसली तरी तू बघतच असायचीस. मग उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरू लागला, धानाच्या पऱ्ह्यांच्या जुडीतून एकेक रोप सुटं करावं तसा, दिवसभर, झोप लागेपर्यंत. पाय सगळ्यात शेवटी गेले. सपरीच्या, त्या पुढच्या पडवीच्या, उंबरठ्याशी येऊन तू उभी राहायचीस, वरचं अंग पुढं झुकलेलं, पावलं जमिनीला चिकटलेली.

"काहून थांबली, माय?"

"मी कुठं थांबली? पाय थांबले."

त्या वर्षी आषाढात आंगणापलीकडच्या धानाच्या बांधीत रोवणा चालू होता. बाया एका ओळीत वाकून रोवत होत्या, गाणं म्हणत मागं मागं सरत होत्या. मी सपरीत तांदूळ निवडते आहे. तू खाटेवर बसलेली आहेस. गाण्याचा आवाज चढतो आणि तू उठतेस, कुणी न उठवता. दाराकडे पाठ करतेस, कमरेत वाकतेस, आणि उलट्या पावलानं उंबरठा ओलांडतेस. जिथं तुझे पाय रोज तासन्‌तास अडकायचे तिथून तू पाण्यासारखी गेलीस. आंगण, कोंबड्यांचा खुराडा, तुळस, कशालाही धक्का नाही. उजवा हात हवेत खाली जात होता, वर येत होता, रोप खोचत होता. आणि तोंड माझ्याकडे. तो न हलणारा चेहरा माझ्याकडे बघत बघत लहान होत गेला. मला आनंद व्हायला हवा होता, माय. माझ्या अंगावर काटा आला.

बांधीतल्या बायांना आधी तुझी पाठ दिसली. गाणं मधेच तुटलं. दुसऱ्या दिवशी एकही बाई आली नाही.

संध्याकाळी मोठे बाबा, बाबांचे थोरले भाऊ, आले. शेती त्यांची आपली एकत्र, त्यामुळे घोर त्यांना जास्त. सपरीत उभ्या उभ्याच म्हणाले, "बाया बांधीत उतराले तयार नाही. पऱ्हे पिवळे पडून राहिले. तिले आतल्या खोलीत ठेव अन् कडी लाव."

"मोठे बाबा, ती बिमार आहे."

"बिमार मानूस खाटेवर पडते. असं फिरत नाही."

तेवढ्यात आतून तुझा आवाज आला. जेठाशी तू उभ्या जन्मात समोरासमोर बोलली नव्हतीस, तेव्हाही मलाच म्हणालीस, "त्याईले सांग, हडळ असती तं पयलं त्याईलेच धरलं असतं."

ती थट्टा होती हे मला कळलं. पण त्या आवाजात चढउतार नव्हता, चेहऱ्यावर हसू उमटत नव्हतं. मोठ्या बाबांनी स्वतःच्या हातानं कडी घातली आणि वहाणा तिथंच टाकून गेले. रोवणा सरेपर्यंत तू आत होतीस. मी बाहेर बसून पोरांच्या वह्या तपासायची, आणि भिंतीपलीकडे तुझी पावलं घासत जायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ती मागं जात होती हे आवाजावरूनच कळायचं. आधी बोटं टेकायची, मग टाच. तेव्हाच मी ठरवलं, तुला लोकांसमोर सरळ चालवून दाखवायचं. नाहीतर ती कडी दर रोवण्याला लागली असती, आणि एका वर्षी काढायची राहून गेली असती.

कारध्याच्या पुलावरून भंडारा आणि तिथून नागपूर. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात डॉक्टर म्हणाले, "चला बाई." तू खांबासारखी उभी. मी म्हटलं, "फिर माय." तू फिरलीस आणि निघालीस, आणि निघालीस ती थांबेचना. वेग वाढत गेला. डॉक्टरांनी धावत जाऊन मागून धरलं म्हणून वाचलीस. ते घाबरले नाहीत, हसलेही नाहीत. कंपवात आहे, म्हणाले. "यांच्या पायातली ताकद गेलेली नाही. पुढं चाल असं मन म्हणतं ते पायांपर्यंत पोचत नाही, एवढंच. जन्मभराची रोवण्याची सवय दुसऱ्या वाटेनं येत असेल. ती वाट उघडी दिसते, पण त्या वाटेवर थांबणं त्यांच्या हातात नाही." मग त्यांनी खडू घेऊन व्हरांड्यात आडव्या रेघा ओढल्या. "बाई, चालू नका. फक्त ही रेघ ओलांडा." तू ओलांडलीस. मग पुढची. मी तोंडावर पदर धरून उभी होते. ते म्हणाले, अशा लोकांकडून रोज व्यायाम करून घेऊन काय काय परत येतं यावर अभ्यास चालू आहेत. रेघ दिसली की पाय का उचलतो, हे मात्र नीटसं कुणालाच कळलेलं नाही. त्यांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालवा म्हणून सांगितलं.

घर पोतायला आणलेल्या चुन्याच्या आडव्या रेघा मी आंगणात ओढल्या, उंबरठ्यापासून फाटकापर्यंत. रोज सकाळी शाळेच्या आधी. भिंतीवरून पोरं बघायची, त्यांच्या आया त्यांना ओढून न्यायच्या. तू पडलीस, उठलीस, चिडलीस. "मले मास्तरीन नको, पोरगी पाह्यजे," म्हणालीस एकदा. तरी मी सोडलं नाही. आणि एका सकाळी मोठे बाबा, शेजारची म्हातारी, रोवणाऱ्या दोघीतिघी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तू सपरीतून सरळ निघालीस आणि रेघ रेघ ओलांडत फाटकाशी उभ्या असलेल्या माझ्यापर्यंत आलीस. "बाप्पा! सरळ झाले वो पाय," म्हातारी म्हणाली. मोठ्या बाबांनी कडी उपटूनच नेली. पुढच्या रोवण्याला बाया आल्या.

मी जिंकले होते. पण त्या सकाळी तू माझ्यापर्यंत आलीस तेव्हा हनुवटी छातीशी होती. डोळे रेघेवर. शेवटची रेघ माझ्या पायाशी संपली आणि तू थांबलीस, समोर कुणी नसल्यासारखी. मी म्हटलं, "माय, इकडं पाह्य." तू मान वर केलीस, आणि तुझे पाय पुन्हा चिकटले. दोन्ही एकदम होत नव्हतं.

म्हणूनच तू तिन्हीसांजेला परत पाठ फिरवायचीस ना?

"पडशील माय. डॉक्टरनं काय सांगतलं?"

"समोर चाललं तं रेघच दिसते. मांगं सरलं तं तू दिसते."

मग तसंच ठरलं. सकाळी लोकांसाठी सरळ. संध्याकाळी तुझी कोपरं माझ्या तळहातांवर, तू मागं सरायचीस आणि मी तुझ्यासमोरून पुढं. जग मला म्हणे, मायला किती जपून चालवते. मला मात्र वाटायचं, तूच मला कुठंतरी नेते आहेस, आणि ती जागा तुझ्या पाठीमागं आहे, माझ्या डोळ्यांसमोर, तरी मला दिसत नाही.

थंडीच्या दिवसांत तू तापानं गेलीस. पाय पुढं करून तुला घराबाहेर काढलं. विसाव्याच्या जागी रीतीप्रमाणे खांदेकऱ्यांनी तिरडी फिरवली. फाटकातून मी बघत होते. आता डोकं पुढं होतं आणि पाय घराकडे. तू माझ्याकडे तोंड करून मागं मागं जात होतीस. लोकांना ती रीत वाटली.

आणि दर रोवण्याला, बाया घरी गेल्यावर, बांधीच्या शेवटल्या ओळीपलीकडे तू वाकलेली असतेस. पाठ नाही दिसत, चेहरा दिसतो. हात खाली जातो, वर येतो. कुणाला सांगितलं नाही. मास्तरीण आहे मी, काय सांगू? आलेलं स्थळ परत गेलं, बदल्या मी आजवर रद्द करून घेतल्या. गावाला वाटतं, हिला शेतीची ओढ. तसं नाही. जो बघत बघत जातो त्याच्यासमोरून हलता येत नाही, एवढंच. या वर्षी मी बदली घेतली आहे, तुमसरला. सामान बांधून झालं. आज संध्याकाळी बांधीकडचं दार लावायला गेले आणि लावता आलं नाही.

हे कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी मी पाठवलं नसतं, कारण खरं सांगायचं तर मला तुझी भीती वाटते. त्या पहिल्या दिवशी आंगणात वाटली तशीच, तेवढीच. तरी एक मागते. एकदा पाठ फिरव, माय. सगळे जातात तशी जा, पुढं बघत, माझ्याकडे न बघता. तू ऐकणार नाहीस, मला ठाऊक आहे.