वरच्या आळीची पोरं बर्थाच्या ओटीवर

प्रणव,

विषमता शोधायला गावात यायचं आणि ती सापडली नाही की तोंड पाडून बसायचं, ही कुठली रे तुम्हा शिकलेल्यांची रीत? पेशंट बरा झाला म्हणून डॉक्टरला कधी कपाळाला हात लावताना बघितलंयस? मी परवा बघितलं. डॉक्टर नव्हता, तुझ्यासारखाच रिसर्चवाला होता, पण हात कपाळालाच होता.

(चि. प्रणवला चंद्रकांतामावशीचे अनेक आशीर्वाद. हे आधी लिहायचं असतं, मला ठाऊक आहे, पण हात थांबेना. तुझा खोकला गेला का? माझा गुडघा होता तिथेच आहे, त्याची चौकशी नको. फोन करत नाही, कारण तू "मावशी, मीटिंग आहे" म्हणून कापतोस. पत्र कापता येत नाही. चौथी शिकलेली बाई एवढं लिहिते आहे, तर शेवटपर्यंत वाच.)

तर झालं असं. शाळा सुरू झाल्या त्या सुमाराला तुमच्यातली एक चष्मेवाली मॅडम गावात आली. आमच्या वरच्या आळीत घरोघर फिरली, खालच्या आळीत फिरली. किती शिकलात, घरात पंखा आहे का, पोरांना शिकवणी आहे का. मी म्हटलं, बाई, मी पहाटे मोगरा तोडते, तो बाजारात विकून येते, मग भाजीला पाणी सोडते, शिकवणीला पैसे कुठले? तिला माझं उत्तर इतकं आवडलं की दोनदा लिहून घेतलं. मग सांगते, संध्याकाळी पोरांचा फुकट वर्ग काढणार, गणित आणि वाचन. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पिशवीत केळ्यांची फणी कोंबली. आमच्या रिद्धीला (माझी नात, तिला विसरला नसशील, तुझ्या लग्नात तिने पेढे समजून रुखवतातले बुंदीचे लाडू वाटून टाकले होते) चौथीत असून भागाकार दिसला की पोटात दुखायचं. आठ दिवसांनी कळलं, वर्ग फक्त खालच्या आळीला. का, तर कंप्युटरने चिठ्ठी काढली. आमच्या आळीने त्या कंप्युटरचं काय घोडं मारलं होतं? आणि पुढे ऐक, शिकवणार फक्त त्यांना, पण परीक्षा आमच्याही पोरांची घेणार! मी विचारलं, ती कशाला? तर म्हणाली, "मावशी, तुलना करायला तुमची आळी लागते." म्हणजे शेजारी जेवून किती जाडा झाला ते कळावं म्हणून आम्ही उपाशी बसायचं. केळी परत मागणार होते, पण तिने एक खाल्लं होतं.

आता वर्ग भरायचा खालच्या आळीत, बर्थाच्या ओटीवर. बर्था म्हणजे तीच, जिच्या घरी नाताळला तू कुकीज खाऊन उलटी केलीस. तिची विहीर आणि माझी वाडी पाठीला पाठ लावून आहेत, मध्ये फक्त केळीची बाग. मी संध्याकाळी आळीतली सगळी पोरं गोळा केली आणि बागेतून थेट ओटीवर नेऊन बसवली. बर्था म्हणाली, "चटई कमी पडेल गो, तुझ्याकडची आन." एवढीच तिची हरकत. शिकवणारी रोवेना, आपल्या गावचीच पोर, वडील गेल्यापासून घर तिच्याच पगारावर. तिने पोरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "मला शिकवायला ठेवलंय, उठवायला नाही." सोन्यासारखी मुलगी! (तुला धाकटा भाऊ असता तर मी लगेच विषय काढला असता.) वरच्या आळीची पोरं पहिल्या दिवसापासून एकही संध्याकाळ चुकली नाहीत. चुकतील कशी, मागे मी उभी. आणि अरे, रिद्धी आता भागाकार करते! मी मोगऱ्याचे गजरे बांधत असते आणि ती बाजूला बसून सांगते, आज्जी, एवढी फुलं, एवढे गजरे, बाकी इतकी. त्या उरलेल्या फुलांचा ती स्वतः गजरा माळते, तो भाग वेगळा.

परीक्षा झाली. मग समाजमंदिरात सभा. मोठे सर आले, भिंतीवर चित्र पाडलं. दोन खांब, एक निळा, एक केशरी. निळी खालची आळी, केशरी आमची. दोन्ही खांब एकाच उंचीचे! मी टाळ्या वाजवल्या, सगळ्या बायकांनी वाजवल्या. सर मात्र सुतक्यासारखे उभे. म्हणाले, ज्यांना शिकवलं ती आणि ज्यांना नाही ती, दोघं सारखीच निघाली, म्हणजे वर्गाचा काही परिणाम नाही. म्हणून दिवाळीनंतर वर्ग बंद.

मी उठलेच. तोंड उघडलं, तर बर्थाने दंडाला असा चिमटा काढला की अजून निळं आहे, त्या खांबासारखं. कानात म्हणाली, "गप बस गो, रोवेनाची नोकरी जाईल." खालच्या आळीशिवाय कुणाला बसवणार नाही असं त्या पोरीने लिहून दिलंय म्हणे. बोलले तर ती घरी बसते, नाही बोलले तर पोरं. मी उभीच होते, काहीतरी म्हणायला हवं, म्हणून विचारलं, चहा कधी आहे. सगळं गाव हसलं. मी हसले नाही.

एवढं तुला कळवावं म्हणून लिहिलं. मागायचं काही नाही. प्रेमलताला (तुझ्या आईला) सांग, तुझा पोरगा रिसर्च म्हणजे काय करतो ते मला आता कळलं, एसीत बसतो एवढंच सांगत फिरू नकोस.

तुझी मावशी,
चंद्रकांता

ता. क. मागायचं आहे. ते मोठे सर तुझ्या मोबाइलमधल्या फोटोत तुझ्या शेजारी उभे आहेत, मी ओळखलं. त्यांना सांग, वर्गाचा परिणाम झालाय, दुप्पट झालाय, एका आळीच्या पैशात दोन आळ्या शिकल्या. पोरं मी घुसवली, रोवेना नको म्हणत होती, असं सांग. नको म्हणाली नव्हती, पण तू सांग. काय लिहून घ्यायचं ते माझ्याकडून घ्या, माझी कुठली नोकरी जाणार आहे? मोगरा काही मला काढून टाकत नाही.

ता. क. दुसरा. सर आता हाच खेळ चांदीपला नव्याने मांडणार आहेत, दोन पाड्यांत. माझी भावजय हेमांगी तिथेच असते आणि चिठ्ठी नेमकी तिच्या पाड्याला लागली नाही. तिचा सकाळी फोन आला, वन्सं, आता काय करू? मी काही शिकवलं नाही. फक्त विचारलं, दोन पाड्यांच्या मधला ओढा पोरांना ओलांडता येतो का. तेव्हा तू सरांशी बोल आणि बुधवारपर्यंत मला उत्तर धाड, नाहीतर चांदीपचेही खांब सारखे निघतील.