बुडी मारणारी गोळी

३ मार्च
बुडाली! आजचीही बुडाली. काचेच्या भांड्यात पोटातल्यासारखं आंबट पाणी, त्यात आमची एचआयव्हीवरची नवी गोळी. सोडली की थेट तळाशी, दगडासारखी. काम एवढंच, की तिनं पोटात तरंगत राहावं आणि दिवसभर थोडं थोडं औषध सोडावं. म्हणजे रोग्याला दिवसातून एकदाच घेऊन भागेल. पण गोळीला हे कोण समजावणार?

५ मार्च
गोळी दाबून बनवणाऱ्या यंत्राचा दाब कमी केला. भुगा.

९ मार्च
गोळीतला सोडा वाढवला. त्याच्या बुडबुड्यांनी गोळी वर आली — आणि वरच राहिली! काल दुपारपासून तशीच. औषध सोडायचं नाव नाही. साहेब भांड्यावर वाकून म्हणाले, "अहो, ही गोळी आहे की होडी?"
ताईला सांगितलं. भाऊजी गेल्यापासून मी तिच्याकडेच राहतो. "एवढं शिकून पाण्यात गोळ्या सोडतोस?" शाळेतल्या बाई असल्याचा थाट घरीही सुटत नाही तिचा.

१४ मार्च
पैसा लावणारे पाहुणे आले. गोळी उठून दिसावी म्हणून साहेबांनी भांड्यामागे दिवा लावलेला! सुटातले तिघे खुर्च्या टाकून बसले. सोडली — बुडाली. मग सावकाश वर आली. टाळ्या! मग मधोमध फुटली, अर्धी वर, अर्धी खाली. पुन्हा टाळ्या!! त्यांना वाटलं, असंच व्हायचं असतं. मीही मान डोलावली. काय करणार?

२२ मार्च
गोदामात दमट हवा शिरली. सोडा आतल्या आत जागा झाला, गोळ्यांची पाकिटं टम्म फुगली आणि फटाफट फुटायला लागली. पहारेकऱ्यानं घाबरून पोलिसांना फोन केला, "आत गोळ्या सुटतायत!" खोटं तरी काय बोलला?
शिट्ट्या, धावपळ, सगळी इमारत रस्त्यावर. साहेब खुर्ची उचलून बाहेर. मी हात वर करून हवालदाराला सोडा समजावतोय.
"कसली गोळी?"
"तरंगणारी."
बसवलं मला गाडीत! साहेबांनी येऊन सोडवलं — खुर्ची तेवढी घट्ट धरलेली.

२३ मार्च
साहेब म्हणाले, "बास झालं. गोळी बंद. उद्यापासून तुम्ही खोकल्याच्या औषधावर." सुटलो! पातळ औषध — बुडायची भानगड नाही, तरंगायची नाही.
घरी ताईला कालचा सगळा तमाशा करून दाखवला, हात वर करून वगैरे. हसलीच नाही.
"म्हणजे ती गोळी आता येणारच नाही?"
"नाही! सुटलो एकदाचा."
ताट वाढून दिलं आणि आत गेली. कशाचा राग आला, देव जाणे. पुष्कळ जेवलो.

२४ मार्च
चहा गाळताना, माझ्याकडे न बघता ताई म्हणाली, "त्याच रोगावरच्या माझ्या गोळ्या दिवसातून तीनदा घ्याव्या लागतात रे. दुपारची शाळेच्या संडासात उभी राहून घेते. तुझे भाऊजी गेले तेव्हापासून."
साहेबांना सांगून आलो — खोकला दुसऱ्या कुणाला तरी द्या.