भिंतीवरचे हिरवे खडे

३ मार्च
भिंत घासायला ब्रश उचलला तर नात किंचाळली – "आजी, थांब!" मला वाटलं पाल! न्हाणीमागच्या भिंतीला ओल येते, ऊन तापलं की तिथे हिरवे खडे फुटतात, काचेसारखे. चाळीस वर्षं खरडून फेकतेय मी. नात कॉलेजात दगडांचंच शिकते, म्हणून आमची खडेबाई. म्हणाली, "बंद खाणीतल्या आंबट पाण्याशिवाय हे होतच नाही!" म्हणजे जमिनीखालून तेच पाणी आमच्या विहिरीत! आणि खाणीचे साहेब बाकी गल्ल्यांना नळ देतात, आम्हाला म्हणतात, "खाणीचं पाणी तुमच्या गल्लीत येतच नाही, मग नळ कशाला?"
बघतेच आता!

५ मार्च
डब्यात खडे घालून नातीबरोबर खाणीच्या ऑफिसात. दोन तास रांग, त्यात माझा गुडघा. डबा उघडला – पांढरी भुकटी! साहेब हसले. "आजीबाई, हा चुना. भिंतीला लावा." नात रडकुंडीला आली. खडा वाळला की भुकटी, भिजला की विरघळतो. इकडे आड, तिकडे विहीर!
माझी सूनही असंच रडायची – "आई, इथलं पाणी चावतं." मी म्हणायची, "पाण्याला काय दात असतात?" नाजूक बाई. शेवटी माझ्या मुलाला घेऊन वेगळी राहिली. असो. कुठून कुठे गेले मी.

६ मार्च
भाजी निवडताना सुचलं! पालेभाजी कशी ठेवते मी? डब्याच्या तळाशी ओलं फडकं, वर वाटी उपडी, वाटीवर भाजी. झाकण घट्ट. भिंतीवरचे ताजे खडेही तसेच ठेवले. नात म्हणाली, "आजी, तू कॉलेजात हवी होतीस." चौथीत शाळा सुटली माझी!

१० मार्च
हिरवेगार! एकही पांढरा नाही!

११ मार्च
डबा परत ऑफिसात. साहेबांच्याच तपासनिसाने खडे तपासले. म्हणाला, "खाणीचंच पाणी आहे, साहेब." साहेबांचं तोंड बघण्यासारखं! मी म्हटलं, "चुना भिंतीला लावू का?" सगळं ऑफिस हसलं. नळ मंजूर! गल्लीतल्या बायकांनी मला खुर्चीसकट उचललं. पडले असते!

२ मे
नळ आला. पहिले हात मीच धुतले. झोंबलं नाही. साबण लावून परत धुतले – नाही झोंबलं. मला वाटायचं, पाणी झोंबतंच.
सूनबाईला फोन केला. म्हटलं, दात होते गं पाण्याला.